दत्तक : होम स्टडी झाली, नंबर लांब आहे. मधल्या काळात काय करायचं?

मोगरा_ठाणे (धागाकर्ती) – १२ जून २०२३

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात असेल तर अ‍ॅडमिननी हलवा प्लीज.

आम्ही दोघांनी दत्तक घ्यायचं ठरवलंय. कारावर (केंद्र सरकारच्या दत्तक पोर्टलवर) रजिस्ट्रेशन केलं, पॅन, लग्नाचं सर्टिफिकेट, मेडिकल, इन्कम वगैरे सगळे कागद चढवले, संस्थेतल्या सोशल वर्कर ताई घरी येऊन होम स्टडी करून गेल्या, त्यांचा रिपोर्टही पोर्टलवर आला. शून्य ते दोन वर्षं, मुलगा मुलगी काहीही चालेल असं भरलंय. आणि आता पुढे काहीच नाही. रात्री जेवणं झाली की लॉगिन करायचं, रांगेतला नंबर बघायचा, तो कधी दोनने हलतो कधी हलतच नाही, मग नवरा म्हणतो बंद कर तो लॅपटॉप आणि झोप.

जो तो म्हणतो तीन साडेतीन वर्षं धरून चाला. गरोदर बाईला निदान पोट दिसतं, डॉक्टरची तारीख असते, सगळे विचारतात काय खावंसं वाटतंय. इथे काय सांगणार कोणाला? सासूबाई म्हणतात मूल घरात येईपर्यंत बाहेर कुणाला बोलायचं नाही. माझ्या आईचं उलट, तिने आत्ताच दुपटी शिवायला काढलीत.

तर ज्यांनी हा काळ काढलाय त्यांनी सांगा, तुम्ही नक्की काय केलंत? खोली तयार केली का? ऑफिसात सांगितलं का? आणि तो नंबर रोज बघायची सवय कशी सुटते?

तिखटपोहे – १२ जून २०२३

अगं पहिलं तर अभिनंदन! होम स्टडी होणं हाच मोठा टप्पा आहे, आमची सोशल वर्कर येणार म्हणून मी माळे झाडले होते आणि तिने माळ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. तिने विचारलं की तुम्ही भांडता कशावरून, आणि भांडण झाल्यावर आधी कोण बोलतं. नवऱ्याने इतकं खरं उत्तर दिलं की मी टेबलाखालून पाय मारला.

नंबर बघायची सवय सुटत नाही. मी सांगते तुला, आठवड्यातून एकदा बघ, रविवारी, आणि पासवर्ड नवऱ्याकडे दे. आमच्याकडे हेच केलं. लेक आता चार वर्षांची आहे.

बंडू_बोरिवली – १२ जून २०२३

वाचनखूण साठवली. आम्ही पण त्याच रांगेत.

सडेतोड – १३ जून २०२३

एक प्रामाणिक प्रश्न. देशात लाखो अनाथ मुलं आहेत म्हणतात, स्टेशनवर सिग्नलवर दिसतात, आणि इकडे चांगल्या घरातले लोक तीन तीन वर्षं थांबतात? हा शुद्ध सरकारी गलथानपणा नाही तर काय. पूर्वी संस्थेत जायचं, बाळ बघायचं, कोर्टाची तारीख घ्यायची, काम व्हायचं. २०१५ ला सगळं ऑनलाईन सेंट्रल केलं आणि रांगा लागल्या.

निशिगंध – १३ जून २०२३

सडेतोड, मी बरीच वर्षं एका दत्तक संस्थेत काम केलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते, धागाकर्तीलाही उपयोग होईल.

सिग्नलवर दिसणाऱ्या मुलांना बहुतेक वेळा आईबाप असतात हो. बालगृहांत राहणाऱ्या मुलांपैकीही बऱ्याच जणांचं कोणी ना कोणी असतं, आई असते पण सांभाळू शकत नाही, बाप तुरुंगात असतो, आजी वर्षातून एकदा येऊन बघून जाते. ती मुलं दत्तक देता येत नाहीत, आणि देऊही नयेत. दत्तकासाठी मूल ‘कायदेशीर मुक्त’ असावं लागतं आणि ते बाल कल्याण समिती ठरवते. मूल सापडलेलं असेल तर आधी त्याच्या घरच्यांचा शोध घ्यायचा, पेपरात फोटो द्यायचा, पोलीस रिपोर्ट मागवायचा. दोन वर्षांखालच्या बाळासाठी हे दोन महिन्यांत, त्यावरच्या मुलांसाठी चार महिन्यांत करायचं असतं. आईने स्वतः समितीसमोर येऊन बाळ सोपवलं असेल तर तिला फेरविचाराला ६० दिवस मिळतात. त्या ६० दिवसांत परत आलेल्या आया मी बघितल्यात. एक तर शेवटच्या आठवड्यात आली, सोबत तिचा भाऊ होता, बाळ घेऊन गेली. बाहेरून बघणाऱ्याला हे दोन महिने उशीर वाटतात, त्या मुलीसाठी तेवढाच वेळ होता.

आता आकडे. कायदा आणि न्याय विषयाच्या संसदीय समितीने ऑगस्ट २०२२ मध्ये अहवाल दिला, त्यात डिसेंबर २०२१ चा हिशोब आहे. नोंदणी केलेले पालक जवळजवळ २८ हजार. दत्तकासाठी मोकळी असलेली मुलं २४३०. म्हणजे एका मुलामागे अकरा-बारा घरं. त्यातही बरीच मुलं मोठी किंवा विशेष गरजा असलेली. सगळ्यांना हवं असतं दोन वर्षांच्या आतलं, धडधाकट, शक्यतो गोरं (हो, अजूनही तोंडावर सांगतात). मग रांग लागणारच.

आणि पूर्वी ‘बाळ बघून’ काम व्हायचं त्याबद्दल न बोललेलंच बरं. ओळखीवर व्हायचं, देणगीवर व्हायचं. पाच पाळण्यांसमोरून फिरून भाजी निवडल्यासारखं बाळ निवडणारे लोक मी पाहिलेत. ते बंद झालं याचं मला तरी दुःख नाही. रांग हवीच, फक्त मुलं मोकळी करायचं काम जिल्ह्याजिल्ह्यात रखडतं, तिथे गलथानपणा आहे हे मान्य.

सडेतोड – १३ जून २०२३

ओके. आकडे माहीत नव्हते. अर्धं मान्य.

रेवा_सांगली – १३ जून २०२३

निशिगंध ताई +१००. मोगरा, खोलीचं म्हणशील तर काही रंगवू नकोस. दोन वर्षांपर्यंतचं भरलंय म्हणजे चार महिन्यांचं बाळ येईल की पावणेदोन वर्षांचं धावणारं येईल सांगता येत नाही, पाळणा आणशील आणि त्यात मावणार नाही. फोन आल्यावर चार दिवसांत सगळं मिळतं, ठाण्यात तर मिळतंच मिळतं. त्यापेक्षा पैसे बाजूला टाका. होम स्टडीचे ६००० झालेच असतील, पुढे मूल स्वीकारताना संस्थेला ५० हजार द्यायचे असतात, पावती मिळते, त्याच्यावर कोणी एक रुपया ‘स्वेच्छेने’ मागितला तर द्यायचा नाही.

आईची दुपटी मात्र शिवू दे. तिचीही वाट बघणं चाललंय.

अनामिक_२२ – १५ जून २०२३

वेगळ्या आयडीने लिहितोय, कारण कळेल. आमचं वय वाढतंय, दोघांची बेरीज ८५ च्या वर गेली तर दोन वर्षांखालचं मूल मिळत नाही आणि आम्ही त्याच्या अगदी काठावर आहोत. गावाकडच्या एका नातेवाइकांनी सांगितलं की तालुक्याच्या एका नर्सिंग होममध्ये एक केस आहे, मुलगी लग्नाची नाही, पुढच्या महिन्यात डिलिव्हरी, डॉक्टर कागद करून देतात, हिंदू दत्तक कायद्याखाली दत्तकपत्र (डीड) रजिस्टर करायचं, सगळं कायदेशीर. ‘खर्चापोटी’ एक रक्कम सांगितलीय. बायको रडकुंडीला आलीय, म्हणते देवानेच पाठवलंय. कोणाला अनुभव?

निशिगंध – १५ जून २०२३

अनामिक, नाही. कृपया नाही.

१९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याखाली देणारे आईवडील, घेणारे आईवडील समोरासमोर दत्तक देऊ-घेऊ शकतात हे खरं, नात्यातली दत्तकं तशी होतात. पण त्याच कायद्यात दत्तकाच्या बदल्यात पैसे द्यायला-घ्यायला बंदी आहे. तुम्ही सांगताय त्यात पैसे आहेत आणि मध्ये तिसरा माणूस आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ८१ खाली ही मुलाची खरेदी-विक्री होते, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, घेणाऱ्यालाही. आणि असली रॅकेट्स फुटतात तेव्हा पोलीस आधी बाळ ताब्यात घेतात, वर्षभर तुमच्या कुशीत झोपलेलं बाळ संस्थेत जातं. पालक दार धरून बसलेले बघितलेत मी.

त्या मुलीला खरंच बाळ ठेवायचं नसेल तर तिला बाल कल्याण समितीसमोर जाता येतं, नाव गुप्त राहतं, कोणी तिला जाब विचारत नाही. १०९८ ला फोन केला तरी मदत मिळते. हे तेवढं नातेवाइकांमार्फत तिच्यापर्यंत पोचवा.

८५ चं म्हणाल तर दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी बेरीज ९० पर्यंत चालते, चार ते आठसाठी १००. दोन वर्षांवरच्या मुलाचा विचार करून बघा. फोटोत बाळ दिसलं की माणूस हरखतो, पण तीन वर्षांचं मूल पहिल्याच महिन्यात येऊन पायाला मिठी मारतं तेव्हा...  असो.

अनामिक_२२ – १५ जून २०२३

वाचलं दोघांनी. नाही म्हणून कळवतोय. धन्यवाद.

डॉ_चष्मा – १७ जून २०२३

बालरोगतज्ज्ञ म्हणून दोन पैसे. तयारी करायचीच असेल तर आत्ताच एक पेडियाट्रिशियन गाठून ठेवा ज्याने दत्तक मुलांचे रिपोर्ट वाचलेत. कारण रेफरल आला (म्हणजे तुम्हाला मूल सुचवलं गेलं) की पोर्टलवर बाळाचा फोटो, त्याचा अभ्यास अहवाल आणि मेडिकल रिपोर्ट दिसतो आणि रिझर्व्ह करायला ४८ तास असतात. त्या ४८ तासांत डॉक्टर शोधत फिरू नका, नेमका रविवार असतो.

रिपोर्टात काय बघायचं: वजनाचा एकच आकडा बघून घाबरायचं नाही, दर महिन्याला वाढतंय का ते बघायचं. डोक्याचा घेर बघायचा, तो मागे पडत असेल तर विचारायचं. या बाळांच्या आयांनी गरोदरपणात बहुधा एकही तपासणी केलेली नसते, लोह-कॅल्शियम नाही, पोट बांधून कामं केलेली, त्यामुळे जन्मवजन दीड-दोन किलो दिसणं फार कॉमन आहे आणि बरीचशी बाळं वर्षभरात भरून काढतात. एचआयव्हीबद्दल एक महत्त्वाचं, दीड वर्षाच्या आतल्या बाळाची साधी अँटिबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह आली तर ती आईकडून आलेल्या अँटिबॉडीमुळेही असू शकते, पीसीआर (थेट विषाणू शोधणारी टेस्ट) झालीय का ते विचारा आणि मग काय ते ठरवा. आणि मान धरणं, पालथं पडणं उशिरा असेल तर लगेच मतिमंद वगैरे शब्द मनात आणू नका. दिवसभर पाठीवर झोपवलेलं बाळ पालथं पडणार कधी?

आपल्या डॉक्टरकडून रिपोर्ट वाचून घेता येतो. संकोच करू नका, संस्थेला प्रश्न विचारलेले आवडतात. निदान आवडायला हवेत.

कोकणी_माणूस – १८ जून २०२३

बापांच्या बाजूने लिहायला कोणीतरी हवं म्हणून लिहितो.

आमची पोर अकरा महिन्यांची असताना आली. मी हात पुढे केला आणि ती असली किंचाळली की संस्थेच्या गेटवरचा वॉचमन धावत आला. कारण काय तर तिने आयुष्यात पुरुष बघितलाच नव्हता! संस्थेत सगळ्या मावश्या, डॉक्टर बाई, सोशल वर्कर बाई, पुरुष म्हणजे फक्त इंजेक्शन द्यायला येणारा एक कंपाउंडर. त्यात मला दाढी. बायको तिला घेऊन मागे बसली आणि मी रत्नागिरीपर्यंत ड्रायव्हरसारखा गप्प गाडी चालवली. दुसऱ्या दिवशी दाढी काढली, आईने मला वीस वर्षांनी बिनदाढीचं बघितलं. तरी महिनाभर लांबूनच. मी जमिनीवर पालथा झोपून पेपर वाचायचो, ती हळूहळू सरकत यायची आणि पेपर फाडायची. असं करत करत जमलं.

आणखी गोष्टी ज्या कोणी सांगत नाही: ती ट्यूबलाइट चालू असल्याशिवाय झोपायची नाही, कारण तिथे रात्रभर दिवे. अंधार केला की टक्क जागी. कुकरची शिट्टी, कुत्रं, समुद्र, सगळ्याला घाबरायची. खाताना घाईघाईने गिळायची, वाटी बाजूला नेली की थरथरायची. आणि पहिले काही दिवस रात्री उठून रडायचीच नाही, नुसती डोळे उघडे ठेवून पडलेली असायची. शेजारच्या काकू म्हणाल्या किती शहाणं बाळ! अहो शहाणं कसलं, रडलं तरी कोणी येत नाही हे शिकलेलं बाळ ते, दहा बाळांत एक मावशी रात्रपाळीला, ती तरी कुणाकुणाकडे जाणार. ज्या रात्री पहिल्यांदा भोकाड पसरलं त्या रात्री आम्ही दोघं उठून बसलो आणि हसायला लागलो.

तर तयारी म्हणजे हे वाचून ठेवा. रंग नंतर लावा.

तिखटपोहे – १८ जून २०२३

कोकणी_माणूस, पेपर फाडणं! आमच्याकडे चष्मा.

मोगरा, यात एक भर घालते. भेटायला जाशील तेव्हा संस्थेतल्या मावशींशी निवांत बोल. बाळाला काय म्हणून हाक मारतात, कुठल्या कुशीवर झोपतं, दूध कुठल्या कंपनीचं, गरम लागतं का कोमट, कोणत्या मावशीचा लळा आहे. त्यांच्याकडून बाळाचं रोजचं दुपटं मागून घे आणि घरी आणून धुवू नकोस (माझ्या सासूबाईंनी ते डेटॉलमध्ये बुडवायला घेतलं होतं, मी हिसकावून घेतलं). दूध लगेच बदलायचं नाही. आणि त्या मावशीचा फोटो काढून आण. आपल्या दृष्टीने तो आनंदाचा दिवस असतो पण बाळाच्या दृष्टीने ओळखीची सगळी माणसं एका दुपारीत नाहीशी होतात. आमची लेक पहिले काही दिवस दाराकडे बघत बसायची.

आणि हो, बारसं, पूजा, पन्नास पाहुणे, सगळं नंतर. आम्ही दारावर ‘बाळ झोपलंय’ पाटी लावली होती. सगळे नातेवाईक रुसले, बारशाला जेवून गेल्यावर रुसवा गेला.

मोगरा_ठाणे – २० जून २०२३

सगळ्यांचं वाचतेय, एकेक प्रतिसाद दोनदा वाचला. नवऱ्याला कोकणी_माणूस यांचा वाचून दाखवला, तो आरशात दाढी बघून आला.

ऑफिसबद्दल कोणी सांगेल का? मी प्रायव्हेट कंपनीत आहे. एचआरला अंदाज विचारला तर ती म्हणाली ‘१२ आठवडे मिळतात बहुतेक’. बहुतेक म्हणजे काय?

हिशोबनीस – २० जून २०२३

एचआरमध्येच आहे मी, तर सांगतो. २०१७ च्या मॅटर्निटी बेनिफिट दुरुस्तीत दत्तक घेणाऱ्या आईला १२ आठवडे दिले, पण अट अशी होती की मूल तीन महिन्यांच्या आतलं हवं. आता वर निशिगंध यांनी लिहिलंय ते जोडून बघा. दोन महिने कायदेशीर मुक्त व्हायला, मग रेफरल, मग ३० दिवसांच्या आत भेट आणि संस्थेच्या दत्तक कमिटीची मंजुरी. मूल घरी येईपर्यंत तीन महिने कधीच उलटून गेलेले असतात. म्हणजे सवलत कागदावर होती आणि ती घेऊ शकणारी आई शोधून सापडत नव्हती. याच अटीविरुद्ध २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका दाखल झाली.

सरकारी नोकरीत बरं आहे. केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना मूल एक वर्षाच्या आतलं असेल तर १८० दिवस, वडिलांना १५ दिवस. प्रायव्हेटमध्ये कंपनीची स्वतःची पॉलिसी काय म्हणते त्यावर सगळं. तेव्हा मोगरा, आत्ताच ईमेलवर लेखी विचारून ठेवा. तोंडी ‘बहुतेक’वर जाऊ नका. आणि मॅनेजरला सांगा की फोन कधीही येईल आणि आला की मी आठवड्याभरात गायब. आमच्याकडे एकीने सांगितलं नव्हतं, मार्च एंडिंगला फोन आला तिला.

बंडू_बोरिवली – २० जून २०२३

आमच्या कंपनीत पॉलिसीच नाही. एचआर म्हणे तुम्ही पहिलेच आहात, तुम्हीच ड्राफ्ट करून द्या. करतोय.

कस्तुरी – २३ जून २०२३

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. मी दत्तक मुलगी आहे, आता पस्तिशी उलटली, स्वतःला एक मुलगा आहे.

मला माझी गोष्ट कधी सांगितली ते आठवत नाही, कारण ती कायमच माहीत होती. आई रोज रात्री सांगायची, पाऊस होता, बाबांची स्कूटर बंद पडली, रिक्षाने गेलो, तू पिवळ्या झबल्यात होतीस आणि बाबांच्या शर्टावर ओकलीस. मला ओकल्याचा भाग फार आवडायचा. तुम्ही लोक विचारता ना, कितव्या वर्षी सांगायचं, तर ‘एक दिवस बसवून सांगायचं’ असं ठेवूच नका. माझ्या ओळखीच्या एकाला सतराव्या वर्षी चुलत भावाकडून भांडणात कळलं. तो आजही आईवडिलांशी नीट बोलत नाही, आणि राग दत्तक असल्याचा नाहीच, राग याचा की सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं आणि त्यालाच नव्हतं.

मोगरा, म्हणून सासूबाईंचं ‘कोणाला सांगू नका’ यावर आत्ताच बोलून घ्या. मूल आल्यावर ते अवघड होतं. त्यांची भीती खरी असेल, लोक रक्त, जात, पत्रिका काढतात, पण लपवायचं ठरलं की घरातल्या प्रत्येकाला ते आयुष्यभर सांभाळत बसावं लागतं.

दोन गोष्टी माझ्याशी बोलू नयेत असं मला वाटायचं. एक, ‘किती नशीबवान आहेस तू’. मला जन्म देणाऱ्या बाईपासून वेगळी झाले, ते नशीब का? आनंदात वाढले, पण ते दोन वेगळे हिशोब आहेत. दुसरं, तिच्याबद्दल वाईट. माझी आई तिच्याविषयी बोलताना ‘ती मुलगी’ म्हणायची, ‘ती मुलगी किती घाबरली असेल गं’. एवढं पुरलं मला. अठरा झाल्यावर मूळ शोधायचा अर्ज करता येतो, मी केला नाही. माझा मुलगा झाला तेव्हा हॉस्पिटलमध्ये फॅमिली हिस्टरी विचारली, डायबेटिस आहे का कोणाला, आणि मला पहिल्यांदा पटकन राग आला की हे मला माहीत नाही. म्हणून सांगते, संस्थेकडून जी काही माहिती मिळेल, अर्धा कागद का असेना, जपून ठेवा. तुमच्यासाठी नाही.

रेवा_सांगली – २३ जून २०२३

कस्तुरी, हे वाचून उठून मुलीच्या फाइलची झेरॉक्स काढून ठेवली.

ह्यूस्टनकर – २५ जून २०२३

परदेशातल्यांसाठी थोडं. एनआरआय जोडप्यांना कारामध्ये भारतातल्या पालकांच्या बरोबरीनेच नंबर मिळतो, पण अर्ज इथल्या मान्यताप्राप्त एजन्सीमार्फतच करावा लागतो आणि होम स्टडीही तीच करते. अमेरिकेत मोठा खोडा म्हणजे आय-८०० चा (दत्तक मूल तिकडे नेण्यासाठीचा) अर्ज अमेरिकन सिटिझनलाच करता येतो. दोघंही एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर) असाल तर आधी इमिग्रेशन वकिलाकडे जा, नाहीतर मूल मंजूर आणि व्हिसा नाही अशी अवस्था. आम्ही नवरा सिटिझन होईपर्यंत थांबलो.

मोगरा_ठाणे – ९ सप्टेंबर २०२३

थोडं अपडेट. नंबर अजून लांबच आहे, पण बऱ्याच गोष्टी झाल्या.

सासूबाईंना कस्तुरीचा प्रतिसाद वाचून दाखवला. काही बोलल्या नाहीत. चार दिवसांनी गणपतीच्या खरेदीला गेलो तर दुकानदाराला आपणहून म्हणाल्या ‘आमच्याकडे बाळ येणारे, दत्तक घेतोय’. त्याने विचारलं कधी, तर म्हणाल्या सरकारला विचारा. आता सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे, एक दोन जणींनी ‘स्वतःचं नाही का होत’ विचारलं, त्यांना सासूबाईंनीच उत्तर दिलं, ते इथे लिहिता येणार नाही.

एचआरने लेखी दिलं, सहा महिने, वयाची अट नाही. हिशोबनीस, तुम्ही म्हणालात तसं ईमेलवरच विचारलं होतं. शनिवारी आम्ही जवळच्या एका बालगृहात जातो, मुलांना गोष्टी वाचायला, अर्थात ती मुलं दत्तकाची नाहीत आणि आमच्या नंबराशी त्याचा काही संबंध नाही, पण नवऱ्याने आयुष्यात कधी बाळाचं लंगोट बदललं नव्हतं ते शिकला. आणि आम्ही वयोगट वाढवायचा विचार करतोय, चारपर्यंत. अजून ठरलं नाही. निशिगंध ताई, मध्येच बदललं तर आधीची सिनिऑरिटी जाते का?

निशिगंध – ९ सप्टेंबर २०२३

सिनिऑरिटी तुमच्या नोंदणीच्या तारखेवरून धरतात, पण पसंती बदलली की नियमात काय परिणाम होतो ते वेळोवेळी बदलत आलंय, त्यामुळे बटण दाबायच्या आधी तुमच्या होम स्टडी केलेल्या ताईंना विचारा, फोनवर नको, मेल करा. मुळात वयोगट वाढवणं हे नंबर लवकर यावा म्हणून करू नका. तीन वर्षांचं मूल स्वतःच्या आठवणी घेऊन येतं, कधीकधी दुसरी भाषा घेऊन येतं. ओडिशातून आलेलं मूल ठाण्यात पाणी मागतं आणि कोणाला कळत नाही, असं झालेलं आहे. तुम्ही दोघं शनिवारी जाताय तिथे तीन-चार वर्षांची मुलं असतीलच, त्यांच्यासोबत बसा आणि मग बघा.

आणि होम स्टडी तीन वर्षं चालते, त्यानंतर नवी करावी लागते. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, अनेकजण विसरतात.

कोकणी_माणूस – १० सप्टेंबर २०२३

सासूबाईंना आमचा दंडवत. ते उत्तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

वैदर्भी_कन्या – १४ ऑक्टोबर २०२३

धागा वर आणतेय. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात राहतो, तालुक्याला. इथे जवळ दत्तक संस्था नाही. रजिस्ट्रेशन करताना होम स्टडीसाठी कोणती संस्था टाकायची? नागपूरच्या ताई इतक्या लांब येतील का? आणि मी एकटी आहे, लग्न केलेलं नाही, वय ३७, चालतं ना?

निशिगंध – १४ ऑक्टोबर २०२३

चालतं. एकटी बाई मुलगा किंवा मुलगी कोणालाही दत्तक घेऊ शकते (एकट्या पुरुषाला मुलगी देत नाहीत). दोन वर्षांखालच्या मुलासाठी तुमचं वय ४० पर्यंत चालतं, तेव्हा कागद लवकर चढवा. जवळ संस्था नसेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षही होम स्टडी करतो, यवतमाळला महिला व बाल विकासच्या ऑफिसात चौकशी करा. कागद चढवले की साठ दिवसांत होम स्टडी व्हायला हवी, नाही झाली तर मागे लागा. तुमच्या पश्चात मुलाला कोण बघेल हे ते एकटीला हमखास विचारतात, भाऊ-बहिणीचं पत्र तयार ठेवा.

वैदर्भी_कन्या – १४ ऑक्टोबर २०२३

बहीण आहे, अमरावतीला. आजच फोन करते तिले.